दुहेरी टाका

सन्मती पाटलानं कोल्हापुरातून जुनी गाडी आणली,
लाल, दोन दारांची, छत मिटणारी,
आणि पहिल्याच आठवड्यात तिचं कापड
मागच्या काचेपाशी वीतभर उसवलं.
शोरूमनं सांगितलेला आकडा ऐकून
तो थेट आमच्या पत्र्याच्या शेडात आला,
सांगलीच्या मार्केट यार्डामागं,
जिथं अण्णा तीस वर्षं टेम्पोची हूडं शिवतात.

अण्णांनी कापड चिमटीत धरलं,
उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला.
"वल्लंच मिटलंय कुणीतरी. दोरा कुजलाय."

चार दिवस गाडी आमच्याकडं राहिली.
हळदीचा धुरळा बसू नये म्हणून
तिच्यावर माझी जुनी चादर.
माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझं.
मी सांगायची, अण्णा सुईत दोरा ओवत मान हलवायचे,
लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तसे.

छत उघडण्याआधी गाडी उभी हवी.
हँडब्रेक वर.
डिकीतला आडवा पडदा ओढून अडकवलेला हवा,
त्याच्यावर पिशवी नको, छत्री नको.
छताला निजायला स्वतःची जागा लागते.
पुढच्या काचेवरची कडी फिरवायची,
मग बटण दाबायचं, आणि दाबूनच धरायचं.
"मधीच सोडलं तर?"
थांबतं, अण्णा. अर्धं वर, अर्धं खाली.
"मग बरंय. कुणाची बोटं घावली तर सोडता येतंय."

पाचव्या दिवशी हरिपूर रस्ता.
पुढं सन्मती आणि त्याचा अकरावीतला भाचा पार्श्व,
मागं मी आणि अण्णा, गुडघे हनुवटीला टेकवून.
चिंचांच्या सावलीत गाडी थांबली.
आधी काचा चार बोटं उतरल्या,
मग छत उठलं,
पाठीत वाकलं, स्वतःवरच दुमडलं.
मी वर बघितलं: शेंगा, एक घार, भरपूर ऊन.
अण्णांनी नाही.
ते मान वळवून त्या वीतभर शिवणीकडं बघत होते
ती घडीत शिरेपर्यंत.
"धरलं," म्हणाले.

गाडी सुटली तसा पार्श्व उभा राहिला
काचेची चौकट एका हातानं धरून, दुसऱ्या हातात फोन.
कोणी काही बोलायच्या आत
शेडात दिवसाला दहा वाक्यं बोलणारे अण्णा ओरडले,
"ए पोरा! बूड टेक!"

सन्मतीनं गाडी कडेला घेतली.
"ह्यो गुडघा बघितलास?
उसाच्या ट्रॉलीवर उभा हुतो. हिरोगत.
खड्डा एकच आला. त्यो पुरला."

घरात आम्हाला पेरूचं झाड सांगितलेलं.
वीस वर्षं मी त्या झाडाला
मनातल्या मनात शिव्या घालत होते.

मग त्यांनी आपला पट्टा ओढला,
जिथं तो कडीत शिवलेला असतो तिथं अंगठा फिरवला.
"दुहेरी टाका. चौकट, आन् आत फुली.
असं उगंच कोण शिवत न्हाई.
ज्यानं शिवलं त्यानं काहीतरी बघितलेलं असतंय."
पार्श्वनं पट्टा लावला. टक्.
मी पण लावला. खरं सांगायचं तर
तोवर मी लावला नव्हता.

पुढं वाऱ्यात बोलणं ऐकू येत नव्हतं.
अण्णांनी टोपी काढून मांडीखाली दाबली;
त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच
एवढ्या उजेडात पाहिलं.
संगमापाशी दोन म्हशी रस्त्यात होत्या,
त्या जाईपर्यंत आम्ही थांबलो, सगळ्या जगाला दिसत.

परतताना नदीकडून भुरभुर आली.
सन्मती म्हणाला, "अण्णा, तुम्ही बंद करा."
गाडी उभी. हँडब्रेक वर.
अण्णा पुढच्या सीटवर गेले,
शर्टाला बोट पुसलं आणि बटणावर ठेवलं.
छत आमच्या डोक्यावरून पुढं सरकलं,
काचेला टेकलं, कडी फिरली,
गाडीनं बारीक आवाज करून झालं म्हणून सांगितलं.

"झालं अण्णा," मी म्हटलं. "सोडा आता."
"थांब," म्हणाले, "शिवण बसू दे."