माशाचं तोंड

म्बिटाच्या धक्क्यावर, सकाळची फेरी सुटायच्या आधी
आविनोने माझ्या तळहातावर क्लिप ठेवली,
नखाएवढी, पोलादी,
एक टोक गोल, बंद. दुसरं दुभंगलेलं.
काय दिसतं?
मी म्हटलं, मासा.
सरोवराकाठच्या पोरीला आणखी काय दिसणार.
मग डोकं कुठलं नि शेपूट कुठलं,
हे पुन्हा विचारायचं नाही, ती म्हणाली.

पहिलं काम किल्लीचं.
गाडी बंद असली तरी किल्ली काढून
ती स्वतःच्या खिशात टाकते, मालकाकडे देत नाही.
डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच उरली आहे तिची.
इंजिन चालू ठेवून चेन पुसत होते,
फडकं गेलं, मागोमाग बोट गेलं.
एवढंच सांगते,
आणि तेरा नंबरचा पाना मागते.

गाडी ओचोलाची.
ओमेनाच्या वाळक्या मासळीची पोती, दोन बायका,
एकदा तर शेळीसुद्धा,
सगळं त्या एका चेनच्या जिवावर.
काढून आडवी धरली
तर म्हाताऱ्या पाठीसारखी बाजूला वाकली.
स्प्रॉकेटचे दाते मांजराच्या नखांसारखे वळलेले.
ओचोला म्हणाला, नुसती चेन बदल, दात्यांचं पुढच्या महिन्यात बघू.
आविनोने पाना खाली ठेवला.
नवी चेन जुन्या दातांना देत नाही मी.
तो तासाभराने परत आला,
दोन्ही स्प्रॉकेट कागदात गुंडाळलेली, उधारीवर.

दाते बसले. मग नव्या चेनचा शेंडा पुढून फिरवून
मी दोन्ही टोकं मागच्या चाकापाशी, खालच्या अंगाला आणली,
जोडकडी घातली, रबरी कड्या विसरले नाही,
वरची पट्टी दाबली,
आणि क्लिप लावली,
माशाचं तोंड हँडलकडे.
गाडी पुढे जाते, मासाही पुढे.
मी खूश.

आविनो काही बोलली नाही.
चाक फिरव, म्हणाली.
मी फिरवलं.
मासा मागे सरकला,
शेपटी पुढे काढून दात्यांवर चढला,
आणि वरच्या अंगाला येऊन
तसाच उलटा पोहत गेला.

गाडीचं तोंड बघितलंस, अपोंदी.
चेनचं बघायचं.
वर ती पुढे जाते, खाली मागे जाते,
तोंड ती जाईल तिकडे.
शेपूट पुढे असली आणि एक काटकी घासली,
तरी क्लिप उघडते.
मग सिंदोच्या उतारावर, मागे बाई बसलेली असताना,
चेन चाकात अडकते.

तिने पक्कडीने क्लिप काढली,
कोकोच्या डब्यात टाकली. एकदा उघडलेली ती पुन्हा लावत नाही.
डबा अर्धा भरलाय.
नवीचे दहा शिलिंग माझ्या आठवड्यातून गेले.

नंतर झोल.
चाक हळूहळू फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ, तिथेच मोजायचा,
या गाडीला अडीच सेंटीमीटर, फार तर तीन.
तिचं तुटकं बोट नेमकं तेवढंच आहे, असं ती म्हणते.
खरं की थट्टा, कळत नाही.
मी पट्टी वापरते.
दोन्हीकडच्या खुणा सारख्या,
नाहीतर चाक तिरकं आणि चेन एका बाजूने कुरतडली जाते.
एक्सलचा नट घट्ट, मग झोल पुन्हा एकदा,
कारण नट आवळताना तो बदलतो.
कॉटर पिन नवी. टोकं वळवून.

ओचोला किल्ली मागून निघून गेला.
आभार मानले नाहीत, पैसे शनिवारी म्हणाला.
आम्ही दोघी तो वळणाआड जाईपर्यंत
नुसत्या कान देऊन उभ्या होतो.
खडखड नाही.
आविनो म्हणाली, हं,
आणि चहा ओतायला गेली.

आता कुठेही उभी मोटारसायकल दिसली,
चर्चबाहेर, बाजारात, पाण्यात चाकं बुडवून धुवायला लावलेली,
की मी आधी खाली वाकते.
काय हरवलं गं, लोक विचारतात.