चौतीस वळणं

पहिल्या तासाला ओंदिनाबाई पुस्तक उघडत नाहीत.
विचारतात, खालच्या रस्त्यापासून इथवर
किती पायऱ्या चढलात?
कुणी म्हणतं शंभर. कुणी दोनशे.
रात्रभर पावाच्या भट्टीवर राबून आलेला रोसामेल म्हणतो,
चारशे तरी असतील.
आहेत एकशे एकसष्ट. मी मोजल्यात.
अकरा वर्षं या वर्गाचा खडू-फडका माझ्याकडे आहे.
बाई सगळे आकडे फळ्यावर लिहितात,
एकही खोडत नाहीत.

"टेकडी एकच," म्हणतात, "जिना ज्याचा त्याचा.
आपला विषय इथून सुरू होतो."
खिडकीखाली वाल्पाराईसोचं बंदर,
धुक्यात क्रेनच्या माना.
कुणीतरी वहीत लिहून घेतं : जिना.

मग निबाल्दो.
टेकडीवरची बस चालवायचा, चौतीस वळणं,
आणि रक्तदाब असा, की नर्स दोनदा मोजायची.
दवाखान्याच्या कागदावर तीनदा तोच शेरा :
रुग्ण औषध घेत नाही. समज कमी.
म्हणून समज दिली.
चित्रं दाखवली, सुजलेल्या हृदयाची,
मेंदूत फुटलेल्या नळीची.
तो मान हलवायचा. पाठ होतं त्याला सगळं,
गोळीचं नाव, रंग,
नाही घेतली तर काय होतं तेही.
धाक घातला, तर आणखी नम्र झाला.

बाई तेव्हा तुमच्याएवढ्या. हातात प्रश्नावली,
एक ते पाच गुण द्या, अशी.
तिसऱ्या प्रश्नाला पेन्सिलीचं टोक मोडलं.
टोकयंत्र सापडेना, म्हणून नुसतंच विचारलं,
उठल्यापासून सांगा.

साडेचारला चहा, अर्धाच कप.
पाचला गाडी. मग दीडपर्यंत
वर, खाली, वर, खाली.
वरच्या थांब्यावर मुतारी आहे. कुलूप आहे.
किल्ली कंपनीच्या कचेरीत.
आणि गोळी लघवी सुटायची.
"मागे त्रेचाळीस माणसं बसलेली असतात, बाई,"
एवढं म्हणून तो
गुडघ्यावर टोपी फिरवत राहिला.

वर्गात एक जण हसतो.
मग थांबतो.

गोळीची वेळ बदलली एका दिवसात.
किल्ली मिळायला सात महिने, चौदा पत्रं.
"मग बरा झाला?" पहिल्या बाकावरची एदुविना.
"थोडा," बाई म्हणतात.
"आता माझ्या गल्लीत टोमॅटो लावतो.
मीठ सुटलं नाही अजून.
त्याचं मला अजून कळलेलं नाही."
आणि घड्याळ बघतात.

रोसामेल बाकावर डोकं टेकून झोपलाय.
बाई आवाज खाली आणतात,
त्याला उठवत नाहीत.

सगळे गेल्यावर मी फळा पुसतो.
शंभर जातं, दोनशे जातं,
चारशेवर दोनदा फडका फिरवावा लागतो.
मग दिवे, खिडक्या, कुलूप.
उतरताना आज पुन्हा मोजायला घेतल्या,
एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर.
दोनशे चारला सोडून दिलं.