निम्मं तुझं

मुल्ला मास्तरांची तबस्सुम
विट्याच्या वाचनालयात पडदा लावून सांगत होती:
रेणूएवढं यंत्र. त्याला चाक आहे. ते फिरतं.

फिरतं तर थांबवायचं कसं, कुणीतरी विचारलं.
दुसऱ्याला मायलेज हवं होतं.
नगरसेवक म्हणाले, आपल्या तालुक्यात कारखाना येईल का,
आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.
एक बाई पोराच्या नाकातोंडावर पदर धरून बसली,
यंत्रं हॉलमध्ये सुटलीच असल्यागत.

मागच्या बाकावर निवृत्ती देवकर.
एकतीस वर्षं कोइमतूरला गलाई.
सराफाच्या दुकानातली झिजली केरसुणी जाळून
राखेतून सोनं काढलेला माणूस.
बारीक म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको.

तो उठला. आधी खोकला, मग बोलला:
"पोरी, तेजाबाचा धूर लई गिळला.
पायपुसणी धुतली, गटारातला गाळ चाळला,
झाडायची राहिली ती ही एकच जागा."
छातीवर हात.
"तुझं एखादं सोड की आत.
सोनं निघालं तर निम्मं तुझं."

हॉल हसला.
तबस्सुमनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.
पडद्यावरचं चाक बंद करायचं
ती विसरली.