चादरी होत्या

पहिल्या दिवशी शर्वरी घरी आली
तेव्हा हातांना ब्लीचचा वास होता
आणि बोलायला काही नव्हतं.
बूट दारातच काढले, मोज्यांसकट,
आणि पायरीवर बसून
गार वरणभात खाल्ला, पातेल्यातूनच.
मी विचारलं, कसं होतं?
म्हणाली, "चादरी होत्या."

डुलुथच्या कालव्याकाठचं हॉटेल.
तळघरात धुलाईखाना, खिडकी नाही.
बोट आली की भोंगा वाजतो, पूल वर उचलला जातो,
वरच्या मजल्यांवरचे पाहुणे गॅलरीत धावतात;
खाली फक्त ड्रायरचा पत्रा थरथरतो.
"लोरेनला तेवढ्यावरून कळतं," शर्वरी सांगायची,
"बोट भरलेली की रिकामी."
खरं असेल, नसेल.

साताऱ्याहून काकांचा फोन यायचा.
"सुट्टीत काय करते पोर?"
"हॉटेलात... अनुभव घेतेय."
"मॅनेजमेंटचा?"
"हो, तसलंच काहीतरी."
शर्वरी समोर बसून नखात अडकलेला धागा काढत होती.
वर न बघता म्हणाली,
"बाबा, चादरी म्हणायला काय होतं?"

मी सोळाचा होतो तेव्हा
माझं ताट कोण उचलायचं, आठवत नाही.
आठवत नाही, म्हणजे मी नव्हे.

जुलैत पहिला पगार.
कापलेल्या रकमेकडे तिनं असं पाहिलं
जसं कुणी तिच्या वहीचं पान फाडलंय.
मग सगळ्याचे तास होऊ लागले:
बूट नऊ तासांचे,
पिझ्झा दीड तासाचा,
मैत्रिणीला द्यायचं कानातलं चार तासांचं,
"आणि त्यातला एक शनिवारचा."
शनिवारी सगळे खोल्या सोडतात.
शनिवारी चारशे दोनमध्ये कुणीतरी
गादीवर केक चुरडून गेलं होतं,
उशीखाली ना पैसा, ना शब्द.
ही दारातच उभी, तोंडावर हात.
लोरेन आत गेली, म्हणाली, "आधी खिडकी,"
आणि खिडकी उघडली.
बस. शिव्यासुद्धा नाहीत.

इलॅस्टिकच्या चादरीची घडी
ऑगस्ट उजाडला तरी जमेना.
घरातल्या सगळ्या चादरी काढून
दिवाणखान्यात मला समोर उभं करायची:
हात आत घाला, पार कोपऱ्यात. आता माझ्याकडे या.
कोपऱ्यात कोपरा. नाही, पालथा.
मी चालत जायचो, कोपरा सुटायचा,
ती हसायची नाही, पुन्हा म्हणायची, "या."
कितीतरी दिवसांनी आम्ही
एकमेकांकडे असे चालत जात होतो.

लोरेनची त्या तळघरात एकवीस वर्षं.
शर्वरीचे अकरा आठवडे.
शेवटच्या दिवशी ही म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात येईन.
"नको येऊस," लोरेन म्हणाली,
आणि हिची कॉलर सरळ केली.
पायांना फोड आले तेव्हा नाही,
केकच्या दिवशी नाही,
हे सांगताना शर्वरी रडली, गाडीत,
सीटबेल्ट न लावता.

ऑक्टोबरात आम्ही शिकागोला गेलो होतो.
निघायच्या सकाळी बाथरूममधून बाहेर येतो तो
पलंग उघडा, चादरींचं गाठोडं पायथ्याशी,
ओले टॉवेल टबात, कचरा एका पिशवीत.
मी पाकीट काढलं,
पाचाची नोट उशीखाली सरकवली,
आणि जरा शाबासकीच्या आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"अजून पाच ठेवा," ती म्हणाली.
"शनिवार आहे."