पाच व्होल्ट

पारोळ्याच्या अलीकडे मुरमाची खाण.
पोकलेन बकेट टेकवून उभं,
मागे चार रिकामे डंपर
आणि डंपरांच्या सावलीत चार ड्रायव्हर
पत्ते कुटत.

स्क्रीनवर तीन कोड:
ऑइलचा दाब, हवेचा दाब, डिझेलचा दाब.
तिघांचं गाऱ्हाणं एकच, व्होल्टेज कमी.
इंजिन भ्यालंय, रेस घेत नाही.

वैशाखाच्या उन्हात लॅपटॉप दिसत नाही.
हिलालआप्पा त्यांचा टॉवेल धरतात माझ्या डोक्यावरून,
त्या एवढ्याशा काळोखात
घामाचा, ग्रीसचा वास
आणि निळे आकडे.
"ऑइलवाला सेन्सर दोनदा बदलला," आप्पा सांगतात,
"शेठ म्हनस, दोन्हीस्ना पैसा तुन्हा पगारमाईन."
काढलेले सेन्सर त्यांनी सीटखाली जपलेत,
बिबड्यांच्या पिशवीत.
मी तपासून पाहतो.
दोन्ही धडधाकट.

नव्या पोरांना मी सांगत असतो,
कोड फक्त सांगतो कोण ओरडतंय.
लाइट कुठल्या डीपीवरून गेली
ते शोधायला खांबाखांबानं चालावं लागतं.

तिघांना पाच व्होल्ट येतात एकाच वायरीतून.
मीटर म्हणतो शून्य पॉइंट चार.
एक प्लग काढला. शून्य पॉइंट चार.
दुसरा काढला. तेच.
तिसरा टर्बोच्या खाली, बोटं भाजली,
तेच.

म्हणजे सेन्सर नाही. आता हातानं जायचं.
मीटर आप्पांकडे दिला,
आणि वायरिंग चाचपत निघालो,
चिखल वाळून जिथे दगड झालाय
तिथे नखानं खरवडत.
स्टार्टरच्या वर, ब्रॅकेटपाशी
जरासं उचललं
आणि आप्पा ओरडले, "पाच!"
सोडलं.
"गयं."
उचललं.
"पाच, पाच!"

तिथे क्लिप नव्हती.
क्लिपच्या जागी सळई बांधायची तार,
तीन वेढे, पीळ डावीकडे,
टोक आत दुमडलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.
इंजिनच्या थरथरीत तिनं एकेक थर खाल्ला,
कव्हर, टेप, लाल प्लास्टिक,
आणि एके दिवशी तांब्याला टेकली.

डावीकडे पीळ मी देतो.
डावखुरा आहे.
साक्रीच्या पुढे, पवनचक्क्यांच्या कामावर,
मार्गशीर्षातली रात्र, मशीन हेच.
थंडीनं पाना निसटत होता,
क्लिप तुटली, जीपमध्ये दुसरी नव्हती.
तात्पुरतं, म्हणालो होतो.
नंतर शेकोटीपाशी आप्पांनी
कळण्याची भाकरी मोडून अर्धी मला दिली होती.

तार कापली. वायर जोडली, डाख दिला,
स्लीव्ह चढवली, नवी क्लिप.
कोड पुसले, एक, दोन, तीन.
इंजिननं काळा धूर टाकला, मग साफ,
रेस सरळ वर गेली.
ड्रायव्हर उठले,
एकाचा डाव लागत आला होता,
तो शिव्या देत.

फॉर्मवर एक चौकोन असतो: बिघाडाचं कारण.
मी लिहिलं, घर्षण.

आप्पांनी मुरमातून तारेचा तुकडा उचलला,
पिळावरून अंगठा फिरवला,
आणि माझ्या डाव्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले.
"तुन्हीच शे ना?"
"हां."
"मंग लिख ना."

घर्षणापुढे मी लिहिलं, चुकीची बांधणी,
आणि पुढे नाव, प्रल्हाद दामू बडगुजर,
ते चौकोनात मावलं नाही,
आडनाव शेठच्या सहीच्या जागेत गेलं.

आप्पांनी तार पिशवीत टाकली,
दोन सेन्सरांच्या शेजारी,
गाठ मारली,
आणि केबिनमध्ये चढले.