सातवा नंबर

गायधनीने लिंक पाठवली तेव्हा मी अंबडला होतो,
सेकंड शिफ्टचा शेवटचा तास,
हातात व्हर्नियर, समोर मोजायच्या चारशे बुशिंग.
'आठ जण लागतात. सात झालेत. नाही म्हणू नकोस.'

खेळ असा, की पैलवान आळीपाळीने निवडायचे.
प्रत्येकाला साठ सेकंद.
आठव्याचं झालं की रांग सापासारखी वळते,
शेपटाकडून पुन्हा तोंडाकडे.
तुमचा माणूस टीव्हीवर जिंकला, दहा गुण.
पट्टा जिंकला, पन्नास.
पंचाची नजर चुकवून खुर्ची घातली, तरी पाच.
हरला, की वजा दोन.

मला सातवा नंबर.

शनिवारी रात्री सगळे हजर.
देवरे पिंपळगावच्या पॅकहाउसमधून, मागे द्राक्षांच्या पेट्या,
तडवी रियाधहून,
खैरनार उत्तमनगरचा, माझ्यापासून तीन गल्ल्या,
पण तोही मोबाइलमध्येच.
सातवी-ब चा मागचा बाक पुन्हा भरला.
तेव्हा कार्डं असायची. रँक? उंची? छाती?
'चौपन्न.'
'अठ्ठावन्न. दे इकडे.'
गायधनी हरला की कार्ड चावायचा.

पहिल्या फेरीत मला सायलेंट बिशप मिळाला,
बोलत नाही, मारण्याआधी फक्त घंटा वाजवतो.
मॅमथ मॅक्रे देवरेने उचलला, अर्थातच.
चौथ्या फेरीत माझी पाळी आली
आणि आतून अण्णांची हाक:
'गुडघ्याची गोळी लाल की पिवळी रे?'
पिवळी.
पाणी दिलं, पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं,
येऊन बघतो तर साठ सेकंद संपलेले.
यंत्राने माझ्या वतीने निवडून टाकला
बडी लार्किन.
वय सत्तेचाळीस. चड्डी हिरवी.
लढती दोनशे चौदा, विजय तीन.

देवरेने हसणारे सतरा चेहरे पाठवले.
तडवी म्हणाला, 'याला रिंगमध्ये झाडू मारायला ठेवलाय.'

तिकडची सोमवारची रात्र
आपल्याकडे मंगळवारची पहाट, साडेपाच.
अण्णा चहाचा कप घेऊन येऊन बसले.
'खरी नसते ती,' मी आधीच सांगून टाकलं,
'कोण जिंकणार ते ठरलेलं असतं.'
बडीला उचललं, डोक्यावरून नेलं, आपटलं.
'पडला तो तरी खराच ना?'
अण्णा पुढे सरकले.
'मान बघ, आत घेतली. आता हात आपटेल बघ.
आपटला. शिकलेला आहे गडी.'

आणि मग, टीव्हीवरची नजर न काढता,
पंचवटीतल्या तालमीची सहा वर्षं,
जी त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.
'मी फडात कधी उतरलोच नाही.
वस्ताद म्हणायचे, तू उभा राहा नुसता.
पोरं धोबीपछाड शिकली ती माझ्यावर.
त्यातल्या दोघांनी गिरणाऱ्याच्या जत्रेत चांदीची कडी मिळवली.'
'आणि तुम्हाला?'
'दूध. अर्धा शेर. रोज.'
असं म्हणाले, जसं कुणी पगार सांगतं.

दर आठवड्याला बडीच्या नावापुढे एक बटण येतं:
सोडा.
दाबलं की तो निघून जाईल, दुसरा मिळेल,
तरणा, गोंदवलेला, हमखास दहावाला.
कंपनीत दिवसभर मी हेच करतो,
केसभर कमी भरलेला तुकडा लाल ट्रेमध्ये.
बोट नेलं होतं दोनदा.

वजा दोन. वजा दोन. वजा दोन.
गायधनी विचारतो, 'तुझं डोकं ठिकाणावर आहे का?'
आठात मी आठवा.
साडेपाचला अण्णा माझ्याआधी उठलेले असतात,
आवाज बारीक करून, दिवा न लावता.

या मंगळवारी बडी आलाच नाही.
मॅमथ आला, बिशपने घंटा वाजवली,
कुणीतरी कुणाला टेबलातून आरपार घातलं.
शेवटची नावं वर सरकू लागली
तेव्हा अण्णा म्हणाले, 'आज नव्हता का तो?'
'पुढच्या आठवड्यात असेल.'
खेळात बघितलं. गुण शून्य.
मोसमातला त्याचा सगळ्यात चांगला आठवडा.

अण्णांनी टीव्ही बंद केला,
दोन्ही हातांनी उजवा गुडघा सरळ केला
आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले.