येण्याचं कारण

लातूरच्या क्लासात भिंतीवर माझं नाव पहिलं होतं.
खारघरच्या या संस्थेत प्रत्येकाचंच नाव
कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पहिलं होतं.
असे एकशे वीस पहिले नंबर
सकाळी ताट धरून रांगेत उभे असतात
आणि पोहे संपतात.

पहिल्या चाचणीत मला तीसपैकी सात पडले.
उत्तरपत्रिकेला चार घड्या घालून
ती मी ओळखपत्राच्या कव्हरात सरकवली, फोटोच्या मागे.
तेव्हापासून दोन्ही गळ्यात असतं.

आई फोनवर विचारते, जमतंय ना?
मी म्हणते, हो, इथून डोंगर दिसतो.
ते खरंच आहे.
रात्री वारा फिरला की तळोज्याकडून
औषधात भिजलेल्या कोबीसारखा वास येतो,
खिडकी लावून घ्यावी लागते, हे सांगत नाही.
सर फळ्यावरची एक अख्खी पायरी गाळून
'हे तर उघडच आहे' म्हणतात
तेव्हा सगळे मान हलवतात, म्हणून मीही हलवते,
हेही नाही.

माझी रूममेट हर्षाली घरत.
तिचं घर गच्चीवरून दिसतं,
पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, निळे पत्रे.
पहिल्या वर्षाला वसतिगृह सक्तीचं,
मग घर पाचशे किलोमीटरवर असो
की दोन सेक्टर पलीकडे.
मला वाटलं होतं, रडायची पाळी माझी.
पण पंधरा रात्री उशीत तोंड खुपसून
तीच रडली.
समोर दिसणाऱ्या घरासाठी कोण रडतं, मला कळेना.
मग एका संध्याकाळी तिच्यासोबत वर गेले.
निळ्या पत्र्यांखाली दिवा लागला.
ती म्हणाली, आता आय भाकऱ्या थापायला बसली.
थोड्या वेळाने म्हणाली,
आता माझं ताट कपाटातच राहील.

रविवारी तिचे बाबा स्कूटरवरून डबा घेऊन आले.
गेटवर आधी ॲपमध्ये नोंद, मग ओटीपी, मग वही.
ओटीपी हर्षालीच्या फोनवर,
फोन खोलीत चार्जिंगला,
आणि आम्ही बादल्या घेऊन आंघोळीच्या रांगेत.
चाळीस मिनिटं ते उन्हात उभे.
धावत पोचलो तेव्हा वही भरत होते.
नाव. वेळ. येण्याचं कारण: सुकट.
'कुठून आलात' या रकान्यापाशी पेन थांबलं.
फुटबॉलच्या मैदानाकडे बघत ते
कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले,
त्या गोलपोस्टशी आमचा बांध होता.
मग लिहिलं: इथूनच.
पहारेकरी म्हणाला, काका, पिनकोड राहिला.

त्या रात्री मेसच्या गार पोळ्या आणि सुकट
टेबलावर वर्तमानपत्र पसरून खाल्ली.
कोट्याहून आलेली समोरची पलक
नाक दाबून वासाची तक्रार करायला आली,
उभ्या उभ्या एक घास चाखला,
मग खाली बसली.
बोटं चाटताना म्हणाली, मला नऊ पडलेत.
मी ओळखपत्राच्या मागून घडी काढून उलगडली.
हर्षाली काही बोलली नाही.
तिला सव्वीस होते.

साडेदहाला मी घरी फोन लावला.
सात पडले, म्हटलं. तीसपैकी.
आई गप्प. मागे टीव्हीत कुणीतरी भांडत होतं.
मग म्हणाली, चौकातला तुझा फ्लेक्स उतरवला आज.
तोच, बारा पुढारी आणि कोपऱ्यात तू.
बाबांनी मागून आणला,
कडब्याच्या गंजीवर टाकलाय.
चांगला जाड आहे, दोन वर्षं जाईल.
मी विचारलं, माझं तोंड वर की खाली?
खाली, ती म्हणाली.
उन्हानं रंग उडतो, बाई.